गोंदियात सिंगल माल्टची चव लावून घ्यायची, तर खर्च किती?

आधी हिशेब. बारा वर्षं मुरलेल्या स्कॉच सिंगल माल्टचा खंबा, म्हणजे ७५० मिली, महाराष्ट्रात साधारण पाच ते आठ हजारांच्या दरम्यान पडतो. नावाजलेला ब्रँड असेल तर आणखी वर. खंब्यात ३० मिलीचे २५ पेग बसतात. बाटली सहा हजारांची धरली तर घरचा पेग २४० रुपयांना पडला. बारमध्ये तोच पेग कितीला आहे ते मेनूकार्डावर बघा आणि छापलेला दर ३० मिलीचा की ६० मिलीचा, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. पहिला फटका बहुतेकांना इथेच बसतो.

एवढं असूनही सुरुवात बारमधूनच करा. सहा हजार घालून बाटली आणायची आणि दुसऱ्या घोटाला कळायचं की हा प्रकार आपल्याला झेपत नाही, त्यापेक्षा तीन वेगवेगळे ३० मिलीचे पेग तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. महाग पेग, पण स्वस्त धडा. गोंदिया शहरातल्या बारमध्ये सिंगल माल्टच्या एक-दोन बाटल्या असल्या तरी नशीब समजा. तिरोडा, आमगाव, देवरी, सडक अर्जुनीकडे फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका. जास्त निवड हवी असेल तर नागपूर गाठा. रेल्वेने साधारण दोन-अडीच तास लागतात आणि संध्याकाळी परतता येतं. स्वतःची गाडी मात्र नेऊ नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता कागदपत्रं. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं. बियरला २१ चालतं, इथे नाही. दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला महाराष्ट्रात परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांना, एक वर्षाचा १०० रुपयांना, आजीवन १,००० रुपयांना. एक दिवसाचा परवाना वाईन शॉपमध्ये किंवा परमिट रूममध्येच फाडून मिळतो. उरलेले दोन राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन मागता येतात. फोटो, ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. ऑनलाइन अडलं तर गोंदियातल्या अधीक्षक कार्यालयात चौकशी करा. एजंट जास्तीचे पैसे मागत असेल तर ती त्याची कमाई आहे, सरकारी शुल्क नव्हे. घरात महागडी बाटली ठेवणार असाल तर आजीवन परवाना काढून मोकळे व्हा. काउंटरवर परवाना कुणी विचारत नाही हे खरं, पण तपासणीत उत्तर दुकानदाराला नाही, तुम्हाला द्यावं लागतं.

बारचं बिल नीट वाचा. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. जीएसटी फक्त खाण्यावर, साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. काही ठिकाणी खाणं-पिणं एकत्र करून पूर्ण रकमेवर जीएसटी लावला जातो. दोन बिलं वेगळी मागा, गडबड लगेच दिसते. सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. वाईन शॉपमध्ये छापील किमतीवर एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. ‘कार्डाचे दोन टक्के’, ‘माल कमी येतो साहेब’ ही कारणं ऐकायची, बिल मागायचं आणि छापील किंमतच द्यायची.

स्वस्तातल्या वाटा तीन आहेत आणि तिन्ही महागात पडतात. पहिली सीमेपलीकडची. बालाघाट किंवा राजनांदगावकडून बाटली आणली, तिथलं बिल खिशात असलं, तरी महाराष्ट्राच्या परवानगीशिवाय ती इथे आणणं हा गुन्हा आहे. दुसरी मिलिटरी कॅन्टीनची. ती दारू फक्त सैन्यदलातल्या आणि निवृत्त माणसांसाठी असते. ती बाहेर विकत घेतलीत तर तुम्हीही अडकता. तिसरी ‘ड्युटी फ्रीचा माल, अर्ध्या किमतीत’. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला स्वतःपुरती दोन लिटर दारू शुल्क न भरता आणता येते, विकण्यासाठी नाही. शिवाय ओळखपाळख नसलेल्या माणसाकडची सीलबंद बाटली अनेकदा रिकाम्या बाटलीत भलताच माल भरून झाकण बसवलेली असते. म्हणून तुमचीही रिकामी बाटली खोक्यासकट भंगारवाल्याला देऊ नका. लेबल ओरबाडा, झाकण वेगळं फेका.

इंटरनेटवर वाईन शॉपच्या नावाने टाकलेले ‘होम डिलिव्हरी’चे नंबरही सोडून द्या. आगाऊ पैसे घेतात, मग ओटीपी मागतात.

बाटली घरी आणतानाही रस्ता बघा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यातही आहे. अर्जुनी मोरगाववरून वडसा फार लांब नाही, पण वडसा गडचिरोली जिल्ह्यात येतं. तिकडच्या पाहुण्यांकडे जाताना पिशवीत बाटली नको. नागपूर-गोंदिया मार्ग या दोन्ही जिल्ह्यांतून जात नाही. बिल आणि परवाना सोबत ठेवला की झालं.

दुकानात लेबल वाचा. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली हवी. ब्लॅक लेबल, शिवास रीगल या ब्लेंडेड. चांगल्या आहेत, पण सिंगल माल्ट नव्हेत. मंकी शोल्डर ‘ब्लेंडेड माल्ट’, म्हणजे तीही नव्हे. एक खूण पक्की लक्षात ठेवा: नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. लेबलवर ‘बॉटल्ड इन इंडिया’ असेल आणि विकणारा सिंगल माल्ट स्कॉच म्हणत असेल, तर बाटली परत काउंटरवर ठेवा. बारा, पंधरा, अठरा हा आकडा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय सांगतो. आकडा वाढला की किंमत वाढते. चव तुम्हाला जास्त आवडेलच असं नाही, त्यामुळे सुरुवातीला अठराच्या वाटेला जाऊ नका. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटलीही नको, आतली मागा.

क्रम असा ठेवा. आधी स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली सौम्य: ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिच १२. मग शेरीच्या पिंपाचा हात लागलेली, उदाहरणार्थ अॅबरलोर १२. सालेकसा-देवरीकडे चैत्रात अंगणात मोहफुलं वाळताना ज्यांनी हुंगली आहेत, त्यांना या गोडसर, मनुकांसारख्या वासाची ओळख लवकर पटेल. त्यानंतर टॅलिस्कर १०, थोडी मिरमिरीत, थोडी धुरकट. आयला बेटावरची लाफ्रॉइग किंवा आर्डबेग सगळ्यात शेवटी, आणि तीही आधी पेगनेच. तिथे बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवतात. त्यामुळे दवाखान्यातल्या आयोडीनसारखा वास येतो. काहींना त्याचं वेड लागतं, काही ग्लास तसाच ठेवून उठतात.

प्यायची रीत बिनखर्चाची आहे. खास ग्लास नसला तरी चालेल, तोंडाशी निमुळता होणारा छोटा वाईनग्लास घ्या. ३० मिली ओता, दोन मिनिटं थांबा. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, नाक आत खुपसू नका. छोटा घोट जिभेवर फिरवून गिळा. मग चमच्याने चार थेंब साधं पाणी घाला आणि पुन्हा हुंगा. वास बदललेला कळला, की जीभ तयार होऊ लागली असं समजा. सोडा, कोला नको, नाहीतर सहा हजार ग्लासात बुडाले. पुस्तकात लिहिलेलं ‘रूम टेम्परेचर’ वीस अंशांच्या आसपासचं असतं. गोंदियातल्या मे महिन्यात ते पाळायला गेलात तर नाकात नुसती आग होईल. उन्हाळ्यात ग्लास दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बिनधास्त एक बर्फाचा खडा टाका. खरी चव घ्यायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. चखणा म्हणून तिखट शेव किंवा तर्रीचा रस्सा नको, जीभ बधिर होते. साधे बदाम, काजू पुरेत. एका बैठकीला दोन लहान पेग भरपूर झाले, तिसऱ्यानंतर चव कळत नाही. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

खर्च कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे चार मित्रांनी मिळून एक बाटली घेणं. सहा हजारांचे माणशी दीड हजार, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा पेग. परवाना मात्र प्रत्येकाचा वेगळा. हॉल घेऊन पार्टी करायची असेल तर एक दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो.

दुसरा मार्ग भारतीय सिंगल माल्टचा. बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीची लाँजिट्यूड ७७. स्कॉचवर सीमाशुल्काचं मोठं ओझं असतं, यांच्यावर ते नाही. गरम हवेत व्हिस्की लवकर मुरते, म्हणून यांचं वय कमी दिसलं तरी दचकू नका. माझं मत विचाराल तर पहिली पूर्ण बाटली यांतलीच घ्या. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात स्कॉचवरचं १५० टक्के सीमाशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. राज्याचे कर त्यात येत नाहीत, तेव्हा दुकानातली किंमत अर्धी होईल या आशेवर थांबू नका.

उघडलेली बाटली उभी ठेवा, आडवी नाही, बुचाला दारू लागून ते खराब होतं. कपाटात, अंधारात, कूलरच्या ओलीपासून आणि पत्र्याच्या छतापासून लांब. अर्ध्याखाली आली की सहा महिन्यांत संपवा.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला दुकानं बंद असतात. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. त्या दिवसांत जादा दराने ‘मागच्या दाराने’ मिळणारी बाटली घेऊ नका. एरवी छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, बिल नाकारलं किंवा बाटली बनावट वाटली, तर बाटली न उघडता फोटो काढा आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या १८०० २३३ ९९९९ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. बिलातल्या जादा आकारणीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.