अपत्यप्राप्ती आणि ॲक्युपंक्चर : एक अभ्यास



लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की नातेवाईकांची कुजबुज सुरू होते. दोष सुनेच्या माथी मारला जातो. १९५६ साली धम्मदीक्षा घेताना आपण गंडेदोरे, नवससायास सोडले. परंतु 'सुईने हार्मोन्सचा तोल सावरतो, मूल होते' असे कोणी सांगितले, तर त्याचे काय करावे? अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आज ॲक्युपंक्चरचे उपचार मिळतात. कालाम सुत्ताची शिकवण मानणाऱ्या आपण हा प्रश्नही तपासून घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

ही पद्धती आली कोठून?

ॲक्युपंक्चर ही चीनची प्राचीन उपचारपद्धती. शरीरावरील ठराविक बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचून काही वेळ ठेवतात. भारतात ती आणण्याचे श्रेय डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते. १९३८ साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच पथकातले. ते परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४२ साली चीनमध्येच त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम असून उपचारकांच्या नोंदणीची तरतूद आहे.

शरीरात काय घडते?

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, सोडते. त्यांच्या इशाऱ्याने बीजांडकोशात बीज पक्व होते आणि पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते. थायरॉईडचा विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन किंवा 'पीसीओएस' यांमुळे ही साखळी तुटते. सुईने मज्जातंतूंना चेतना मिळते, ती मेंदूपर्यंत जाते व ही साखळी सावरते, असे या पद्धतीचे समर्थक मानतात. घोट्याच्या आतल्या बाजूस, चार बोटे वर असलेला बिंदू यासाठी नेहमी वापरतात.

पुरावा काय सांगतो?

२००२ साली जर्मनीत टेस्ट ट्यूब उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांचा अभ्यास झाला. सुई घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के स्त्रियांना गर्भ राहिला. यामुळे जगभर आशा वाढली. पण त्यात तुलनेसाठी नावापुरती सुई टोचलेला गट नव्हता. २०१८ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर तशी तुलना झाली. खऱ्या सुईच्या गटात १८.३ टक्के आणि नावापुरत्या सुईच्या गटात १७.८ टक्के स्त्रियांना मूल झाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

खुद्द चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १००० स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बीज पक्व करणारी क्लोमिफीनची गोळी आणि खरी सुई यांनी २९.४ टक्के, तर गोळी आणि नावापुरती सुई यांनी २८ टक्के स्त्रियांना मूल झाले. गोळीविना खऱ्या सुईचे प्रमाण १३.९ टक्केच राहिले. गुण आला तो गोळीने.

सुईने मनाचा ताण हलका झाल्याचे, झोप सुधारल्याचे अनेकजणी सांगतात. तेवढा आधार घेण्यास आमची हरकत नाही. पण आधार म्हणजे इलाज नव्हे.

आधी काय करावे?

१) वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. वय वाढते तशी बीजे घटतात. गेलेली वर्षे परत येत नाहीत.

२) पती-पत्नी दोघांनी जावे. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी सोपी असते, आणि ती आधी केल्यास पत्नीच्या कितीतरी त्रासदायक तपासण्या वाचू शकतात.

३) पाळी अनियमित असल्यास थायरॉईड व प्रोलॅक्टिन तपासावे.

४) आपल्याकडे क्षयरोगाने गर्भनलिका बंद झाल्याची उदाहरणे बरीच आढळतात. बंद नलिका सुईने उघडत नाही.

सुरुवात घाटकोपरच्या राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयातही करता येते. ज्या महाविद्यालयात डॉ. कोटणीस शिकले, त्याच्याच के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

सुई घ्यायचीच असेल तर उपचारकाची नोंदणी पाहावी. पाकीट आपल्यासमोर फोडलेली, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई असावी. अन्यथा कावीळ 'ब' आणि एचआयव्हीचा धोका. पाळी चुकली असेल तर आधी सांगावे. डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नये. हमखास मूल होईल अशी हमी देणाऱ्याची पायरी चढू नये.

प्रत्येक गोष्टीला कारण असते, ही बुद्धाची शिकवण. मूल न होण्यालाही कारण असते. ते शोधावे, सुनेला बोल लावू नये. कारण सापडूनही मूल झाले नाही, तरी तिचा मान तसूभरही कमी होत नाही. ही जाणीव घराघरांत रुजावी, हीच सदिच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!