सध्या काय वाचतोस?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

दोन वाचक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो : 'सध्या काय वाचतोस?' प्रश्न साधा आहे. त्याचे खरे उत्तर देणे मात्र किती अवघड आहे, हे मला गेल्या वर्षभरात कळले. त्या अनुभवाच्या आधाराने या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

गेल्या जुलैत आमच्या मराठीच्या बाईंनी दर शनिवारी शेवटचा तास संपल्यावर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात एकत्र बसण्याची टूम काढली. नियम एकच होता. वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी बोलायचे नाही. जे हाती आहे, अर्ध्यावर आहे, त्याविषयीच बोलायचे आणि आपण कोणत्या पानावर आहोत हे आधी सांगायचे. आम्हांला हा नियम विचित्र वाटला. परीक्षेत आपण संपलेल्या पुस्तकाविषयी लिहितो, परीक्षणे लिहिली जातात तीही संपलेल्या पुस्तकांची. अर्धवट वाचनावर बोलायचे तरी काय?

आज वाटते की, त्या नियमातच सारे मर्म होते. पुस्तक संपले की वाचक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. कथानक ठाऊक, शेवट ठाऊक, शिवाय प्रस्तावनाही वाचलेली. मग 'व्यक्तिचित्रण प्रभावी आहे' यासारखी वाक्ये आपोआप तोंडात येतात. पुस्तक चालू असताना असे करता येत नाही. तिथे वाचक वाटेवर असतो. त्याला कंटाळा आलेला असतो, शंका पडलेली असते, पुढे काय होईल याची हुरहूर असते. या गोष्टी संपल्यावर विसरल्या जातात. पण दुसऱ्या वाचकाच्या उपयोगी पडतात त्या नेमक्या याच.

हे मी आता लिहितो आहे. त्या पहिल्या शनिवारी मी वेगळेच वागलो. माझ्या हाती जी. ए. कुलकर्णी यांचा 'पिंगळावेळ' हा १९७७ सालचा कथासंग्रह होता. त्यातल्या 'यात्रिक' या कथेत मी आठ दिवस अडकून पडलो होतो. त्या कथेत डॉन क्विक्झोट येतो, त्याचा सँको येतो, आणि हे दोघे कोण याचा मला पत्ता नव्हता. बैठकीत मी काय सांगितले? 'जी.ए. वाचतो आहे, फार अस्वस्थ करणारे लेखन आहे.' सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी काही विचारले नाही, आणि मीही सुटलो म्हणून हुश्श केले. अडलो आहे एवढे मी कबूल केले असते, तर सर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाची ती कादंबरी १६०५ आणि १६१५ साली दोन भागांत आली, आणि जी.एं.नी त्या जुन्या शिलेदाराला आपल्या वाटेवर चालवले आहे, हे मला त्याच दिवशी कळले असते. ते कळायला मला दिवाळीची सुट्टी उजाडली.

त्याच बैठकीत माझ्यानंतर माझा एक वर्गमित्र बोलायला उठला. तो शहराबाहेरून एस.टी.ने येतो. त्याने सांगितले, 'मी मृत्युंजय वाचतोय. कुंतीच्या भागात आहे. पण पुढे जायच्या आधी कर्णाचा पहिला भाग परत वाचायला घेतला.' मी शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, 'अरे, ते तर आम्ही नववीतच संपवलं!' दोघे-तिघे हसले. तो खाली बसला. नंतरच्या शनिवारी तो आला नाही, त्यानंतरच्याही नाही.

आपल्याकडे वाचनाची एक अदृश्य शिडी आहे. तळाशी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, मग 'मृत्युंजय' आणि 'ययाति', मग 'कोसला', आणि सर्वांत वर जी.ए. कोण कोणत्या पायरीवर उभा आहे हे पाहून आपण त्याची किंमत ठरवतो. ही शिडी कोणी बांधली मला माहीत नाही; पण तिच्यामुळे माणसे वाचायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात. तेवढ्याने नुकसान व्हायचे ते होतेच. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे हे जसे आहे, तसेच प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हेही आहे. हे दुसरे काम तालिका एकटी करू शकत नाही. ते बरेचसे एका वाचकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जाऊन होते, आणि मी नेमके ते तोंड बंद केले होते.

याउलट उदाहरण द्यायचे तर पुन्हा जी.एं.कडेच जावे लागते. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, माणसांत फारसे न मिसळणारे हे लेखक. पण पत्रांतून ते मोकळेपणाने बोलत. सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी.ए.' या नावाने पुस्तकरूपाने आली आहेत आणि जी.एं.च्या पत्रांचेही खंड निघाले आहेत. ती पत्रे वाचताना लक्षात येते की, दोन जाणकार माणसे एकमेकांना पुस्तकांविषयी लिहितात तेव्हा निकाल देत बसत नाहीत. काय आवडले, काय खटकले, कशाची आठवण झाली, हेच सांगत राहतात. हल्ली आपण पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र मोबाईलवरून मित्रांना पाठवतो. त्यात वाईट काही नाही. पण त्यावरून पुस्तक घरात आले एवढेच कळते. वाचणारा कुठवर आला, हे कळत नाही.

त्या मित्राचा पत्ता मला आमच्या ग्रंथपालांनी दिला. 'तो येतो की दर शनिवारी. तुमची बैठक उठली की मग येतो,' ते सहज म्हणाले. मला फार ओशाळल्यासारखे झाले. पुढच्या शनिवारी मी मागे थांबलो. तो आला तेव्हा मी आधी 'यात्रिक'ची हकीकत सांगितली. मला त्यातले काहीच कळले नव्हते आणि मी थाप मारली होती, हेही सांगितले. तो हसला. मग मी विचारले, 'कर्णाचा भाग तू परत का वाचत होतास?'

त्याचे उत्तर मी जमेल तसे देतो. त्याच्या घरी चातुर्मासात आजोबा 'पांडवप्रताप' वाचत. चौसष्ट अध्याय. कालचा अध्याय कुठे थांबला हे ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक असे. एखादी म्हातारी दोन दिवस आली नाही तर तिला आधी मागची कथा सांगत आणि मगच पोथी उघडत. त्या पोथीत सांगणारा एकच, आणि ऐकणाऱ्याला सगळे आधीपासून माहीत. 'मृत्युंजय'मध्ये मात्र कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापले सांगतात. 'कुंतीचं ऐकलं ना,' तो म्हणाला, 'की कर्णाला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक होतं. मग त्याचं पहिलं बोलणं परत वाचलं तर ते वेगळंच लागतं. तो राधेला आई म्हणतो, ते वाचवत नाही.'

मी ती कादंबरी नववीत 'संपवली' होती. निवेदक बदलतात हे मला आठवत होते; ते का बदलतात हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता. पहिल्याच शनिवारी त्याला हे सांगू दिले असते, तर कथनतंत्रावरचा एक उत्तम तास आम्हां सर्वांना फुकटात मिळाला असता. आणखी एक गोष्ट त्याच्या बोलण्यातून ध्यानात आली. आमचा 'विचित्र' नियम मुळीच नवा नव्हता. कुठवर आलो हे आधी सांगणे, मागे राहिलेल्याला बरोबर घेणे, हे त्या ओसरीवर कित्येक वर्षे चालू होते.

नियमाला एक अपवाद मात्र आम्हांला करावा लागला. रहस्यकथा वाचणाऱ्याने संशय कोणावर आहे ते सांगावे, खुनी कोण ते सांगू नये. हा अपवाद याच मित्रामुळे झाला. तो जानेवारीपासून बैठकीला पुन्हा येऊ लागला आणि त्याने आल्याआल्या अर्नाळकरांचा काळापहाड टेबलावर ठेवला. या वेळी कोणी हसले नाही. बाईंनीच ते पुस्तक त्याच्यानंतर आपल्या नावावर लावून घेतले.

हा मजकूर अंकासाठी देत असताना आमच्या बैठकीची स्थिती अशी आहे : बाई काळापहाडाच्या मागावर निम्म्या वाटेत आहेत. प्रथम वर्षाची एक मुलगी 'कोसला'त पांडुरंग सांगवीकराबरोबर वसतिगृहात पोहोचली असून तिला तो अजून आवडलेला नाही. मी 'मृत्युंजय' पुन्हा हाती घेतले आहे आणि कुंतीच्या भागात आहे. माझा मित्र 'यात्रिक'मध्ये अडला आहे, आणि तसे त्याने गेल्या शनिवारी सर्वांसमोर सांगितले.