कोलोनोस्कोपी : काय करावे, काय टाळावे

कोलोनोस्कोपीला लोक ‘खालची दुर्बीण’ म्हणतात आणि तिचे नाव निघाले की विषय बदलतात. लाज वाटते ती तपासणीच्या टेबलाची, पण तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा आदल्या रात्री घरीच. सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात मळ राहून गेला, तर त्याखालचा पॉलिप निष्णात डॉक्टरलाही दिसत नाही. पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेली छोटी गाठ. सगळ्याच पॉलिपचा कर्करोग होत नाही. ज्यांचा होतो त्यांना बहुधा दहा-एक वर्षे लागतात. तेवढ्या सवडीत तो सापडला, तर त्याच दुर्बिणीतून कापून काढता येतो. म्हणून पुढच्या यादीत डॉक्टरांपेक्षा घरच्यांचे काम जास्त आहे.

कोणी करून घ्यावी

• शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत आलेला आणि काही आठवडे टिकलेला बदल, कारणाशिवाय घटणारे वजन, पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी होऊन आलेला अ‍ॅनिमिया : यातले काहीही असेल तर वय न पाहता डॉक्टरकडे जावे. चाळिशीच्या आतले रुग्णही आपल्याकडे दिसतात.

• ‘मूळव्याधच असणार’ असे घरीच ठरवू नये. एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर हमखास इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या वाचून महिनोन्‌महिने मलम लावत बसू नये. मूळव्याध असेलही. पण ती आहे म्हणून तिच्या वर आतड्यात दुसरे काही नाही, असे सिद्ध होत नाही.

• आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर साधारण चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात निदान झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हा तपासणी सुरू करावी.

• अमेरिकेतला मुलगा फोनवर म्हणतो, “आई, पंचेचाळिशीनंतर सगळ्यांनीच करायची असते.” तिथे २०२१ पासून शिफारस तशीच आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी शौचातले न दिसणारे रक्त शोधण्याची ‘फिट’ चाचणी घरपोच पाठवतात. भारताच्या राष्ट्रीय कर्करोग-तपासणी कार्यक्रमात मोठे आतडे नाही. हा कर्करोग इथे पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आढळतो. त्यामुळे तक्रार नाही, घराण्यात कोणाला नाही, तरी मुलगा म्हणतो म्हणून थेट दुर्बिणीची तारीख घेऊ नये. पन्नाशीच्या आसपास डॉक्टरांशी बोलावे, ‘फिट’पासून सुरुवात करता येते का ते विचारावे.

• ‘फिट’मध्ये रक्त सापडले तर पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. “पुन्हा एकदा करून बघू, या वेळी निगेटिव्ह येईल” हा प्रकार टाळावा.

औषधे

• चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून तारीख घ्यायला जातानाच न्यावीत. “ती गुलाबी बीपीची गोळी” एवढ्या वर्णनावर कोणालाही निर्णय घेता येत नाही.

• रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये आणि न सांगता चालूही ठेवू नये. वॉरफेरिन आणि क्लोपिडोग्रेल हे बहुधा काही दिवस आधी थांबवावे लागतात, अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू राहते. हृदयात स्टेंट असेल तर मात्र हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरते.

• मधुमेहींनी सकाळची वेळ मागून घ्यावी. पोट रिकामे असताना नेहमीचे इन्सुलिन घेतले तर साखर धोकादायक उतरते, म्हणून आदल्या दिवसाचा आणि तपासणीच्या दिवसाचा डोस लिहून घ्यावा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर विशेष आठवणीने सांगावे. ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून प्रकृती गंभीर होऊ शकते.

• लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याच्या भिंतीला धरून बसतो. इसबगोलही थांबवावे.

ताटात काय

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी करायचा. काही रुग्णालये आता फक्त आदल्या दिवसाचेच पथ्य सांगतात. तुमच्या कागदावर जे लिहिले असेल ते पाळावे.

चालते : पांढरा भात, मऊ खिचडी, पेज, इडली, दही, अंडे, मासे, साल काढून उकडलेला बटाटा, मैद्याचा पाव. एरवी ज्याला आपण नावे ठेवतो तेच जेवण या दोन दिवसांत पथ्याचे ठरते.

टाळावे : ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, मटकी आणि उसळी, मका, पेरू, अंजीर, टोमॅटोच्या बिया, तीळ, खसखस, जवसाची किंवा कारळ्याची चटणी. चटणीतले तीळही दुर्बिणीच्या नळीत अडकू शकतात.

‘उपासाचे चालेल’ हा गैरसमज तर घरोघरी. साबुदाण्याचे काही बिघडत नाही, पण खिचडीतले दाण्याचे कूट आणि राजगिरा चालत नाही. हा उपास नव्हे, इथे पुण्यापेक्षा चोथ्याचा हिशेब आहे.

आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारे : नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, ओआरएस. कोकम सरबत, सोलकढी, बीट, डाळिंबाचा रस, लाल-जांभळी सरबते अजिबात नकोत. त्यांचा रंग आतड्यात राहिला तर तो रक्तासारखा दिसतो. कोकणात आणि गोव्यात ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहायला हवी.

पावडरीची रात्र

• पोट साफ करायची पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात कालवायची असते. अर्धी संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतली तर आतडे सगळ्यांत चांगले साफ होते. सकाळी नऊची वेळ असेल तर पहाटे तीन-चारला उठावे लागणार. झोपेसाठी सगळी रात्रीच उरकून टाकू नये. मधल्या तासांत वरून पित्त उतरते आणि आतड्याच्या सुरुवातीचा भाग पुन्हा माखतो. पॉलिप दिसायला अवघड असतात ते नेमके तिथलेच.

• द्रावण थंड करावे आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास घ्यावा. चव वाईटच असते. स्ट्रॉने प्यायल्यास जिभेला कमी लागते. मळमळले तर अर्धा तास थांबावे, सोडून देऊ नये. उलटी थांबतच नसेल तर रुग्णालयात फोन करावा.

• साखर, मध, दूध स्वतःहून मिसळू नये. नेहमीचे चूर्ण किंवा एरंडेल घेऊन पावडर वाचवू नये.

• मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आधी सांगावा. सोडियम फॉस्फेटचे द्रावण अशा रुग्णांना चालत नाही.

• पावडर पोटात घेऊन एसटीत किंवा लोकलमध्ये बसू नये. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच रुग्णालयाजवळ मुक्काम करावा आणि खोली घेताना शौचालय खोलीतच आहे ना ते बघावे. घरी वयस्क माणूस असेल तर शौचालयाची वाट मोकळी ठेवावी, रात्रभर दिवा लावावा, पाण्याचे थेंब पुसावेत. या रात्री जुलाबाने जितके हाल होत नाहीत तितके घसरून पडल्याने होतात. वारंवार पुसून जळजळ होते, म्हणून व्हॅसलीन हाताशी असू द्यावे.

• शेवटी फिकट पिवळे, स्वच्छ पाणी पडू लागले की तयारी झाली. तपकिरी किंवा गढूळ असेल तर तपासणीआधी सिस्टरना खरे सांगावे. “झाले साफ” म्हणून वेळ मारून नेऊ नये.

• भूल देणार असतील तर शेवटच्या दोन तासांत पाणीही नको; काही ठिकाणी त्याहून जास्त वेळ सांगतात.

त्या दिवशी

सोबत एक जाणता माणूस हवा. गुंगीचे इंजेक्शन घेतल्यावर चोवीस तास गाडी चालवू नये, कसल्याही कागदावर सही करू नये. पाळी आली म्हणून तारीख रद्द करायची गरज नाही. तपासणीनंतर पोटात भरलेली हवा बाहेर पडणारच, ती लाजेखातर रोखू नये. पोटात तीव्र दुखणे, ताप किंवा जास्त रक्त दिसले तर लगेच परत जावे. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव क्वचित दोन आठवड्यांनीही होतो, म्हणून त्या काळात लांबचा प्रवास आखू नये.

अहवाल

“नॉर्मल आहे” हे ऐकून कागद फायलीत जातो. तसे करू नये. तीन गोष्टी वाचाव्यात : दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोहोचली का, आतडे पुरेसे साफ होते का, पॉलिप किती आणि किती मोठे. तयारी अपुरी होती असे लिहिले असेल तर ती ‘नॉर्मल’ तपासणी दहा वर्षांची हमी देत नाही, वर्षभराच्या आत पुन्हा करावी लागते.

तुकडा तपासायला दिला असेल तर त्याचा अहवाल काही दिवसांनी येतो आणि तो आणायला कोणी जात नाही. आणावा. पुढची तारीख त्यावरच ठरते. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काहीच न सापडल्यास दहा वर्षे, एक-दोन लहान अ‍ॅडिनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारे पॉलिप) असल्यास सात ते दहा, तीन-चार असल्यास तीन ते पाच. डॉक्टरांकडून वर्ष लिहून घ्यावे आणि भावंडांनाही कळवावे.

बाकीच्या तपासण्या

मोठे आतडे राष्ट्रीय कार्यक्रमात नसले, तरी त्यात तिशीनंतर कर्करोगाच्या तीन तपासण्या आहेत : तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात तो यासाठीही, “आम्हाला काही नाही” म्हणून त्यांना परत पाठवू नये.

गर्भाशयमुखाची तपासणी पुन्हापुन्हा का करायची, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने सव्वा लाखांहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले : हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने त्याचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, पण अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या एकाच तपासणीने ठळक घट दिसली नाही. तीच साधी तपासणी टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्वस्त तपासणीचा गुण तिच्या फेऱ्यांत आहे. शिबिरात एकदा करून घेतली आणि सुटलो, असे समजू नये.

स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा मुंबईतला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले, त्याआधीच्या वयात तसा फायदा दिसला नाही. गाठ लागली तर मात्र कोणत्याही वयात थांबू नये.

तंबाखू, गुटखा, मिश्री लावणाऱ्यांनी तोंड दाखवावे. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ हे उत्तर बाद. पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे : दंतवैद्यही हे ओळखतात.

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमधले सीईए, सीए-१२५ असे ट्यूमर मार्कर, धडधाकट माणसाने विकत घेऊ नयेत. ते कर्करोग हुडकण्यासाठी भरवशाचे नाहीत. किंचित वाढले की स्कॅनमागून स्कॅन सुरू होतात. पुरुषांच्या प्रोस्टेटसाठीच्या पीएसए चाचणीचेही फायदे-तोटे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावेत.

एचपीव्हीची लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावी. लस त्या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही.