घटक ४ : द. ग. गोडसे – रंगमंचावरून इतिहासाकडे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला दत्तात्रय गणेश गोडसे यांच्या कार्याची ओळख सांगता येईल, त्यांची 'पोत' ही संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करता येईल आणि चित्रकाराच्या नजरेने लिहिलेला इतिहास कोठवर विश्वसनीय मानावा, याविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल. तिसरे उद्दिष्ट सर्वांत अवघड आहे. या घटकाचा भर त्यावरच आहे.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीतील इतिहासलेखनाचा विचार करताना आपल्यासमोर प्रथम उभे राहतात ते कागदांचे संशोधक. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि अस्सल कागदावाचून इतिहास नाही, ही शिस्त मराठी अभ्यासकांच्या अंगी बाणवली. ही शिस्त मोलाची होती. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न मागे पडला. ज्या गोष्टी कागदावर कधी आल्याच नाहीत, त्यांचे काय करावयाचे? माणसे कशी उभी राहत, वस्त्र कसे नेसत, वाड्याच्या चौकात प्रकाश कोठून पडे, मूर्ती घडविणाऱ्याचा हात कोणत्या वळणाने जाई, हे कोणी पत्रात लिहून ठेवत नाही. गोडसे यांचे लेखन याच रिकाम्या जागेत उभे आहे.

नेपथ्यकार, वेशभूषाकार, चित्रकार, नाटककार, कलासमीक्षक आणि इतिहासकार अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ही यादी खरी असली तरी दिशाभूल करणारी आहे. ती वाचून असे वाटते की हा गृहस्थ अनेक क्षेत्रांत थोडेथोडे काम करून गेला. वस्तुतः त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न वेगवेगळ्या साधनांनी विचारला : त्या काळी, त्या जागी, हे दिसत कसे असेल?

४.२ सावनेर, नागपूर, लंडन

गोडसे यांचा जन्म ३ जुलै १९१४ रोजी खानदेशातील, जळगाव जिल्ह्यातील वढोदे या गावी झाला. शालेय शिक्षण मात्र नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले. सावनेर हे नागपूरच्या वायव्येस, छिंदवाड्याच्या वाटेवरचे गाव. सातपुड्याकडे जाणाऱ्या या वाटेवर मराठी आणि हिंदी एकमेकींत मिसळत जातात. त्या काळी हा सारा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून तो दूरच होता.

तरीही मराठी नाट्येतिहासात सावनेरचे नाव एका कारणाने कोरले गेलेले आहे. राम गणेश गडकरी आजारी अवस्थेत आपल्या बंधूंकडे येथे आले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. 'भावबंधन' त्यांनी अखेरच्या दिवसांत पुरे केले. संभाजीच्या जीवनावरचे 'राजसंन्यास' मात्र अपुरे राहिले. गडकरी गेले तेव्हा गोडसे अवघे साडेचार वर्षांचे होते, त्यामुळे या योगायोगातून फार मोठा अर्थ काढण्याचा मोह टाळावा. एवढे खरे, की ऐतिहासिक नाटक रंगभूमीवर कसे दिसावे या प्रश्नाला ज्यांनी पुढे आयुष्य वाहिले, त्यांची शाळा ज्या गावात होती, तेथेच मराठीतील एका मोठ्या ऐतिहासिक नाटकाची लेखणी थांबली होती.

पुढे नागपूरचे मॉरिस कॉलेज, मुंबईचे विल्सन कॉलेज आणि त्यानंतर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षण, असा त्यांचा प्रवास झाला. साहित्याचा अभ्यास आधी आणि चित्रकलेचा नंतर, हा क्रम लक्षात ठेवावा. ते लिहिणारे चित्रकार होते, तसेच वाचणारे चित्रकारही होते.

४.३ रंगमंचाची शाळा

सुमारे पाच दशकांत गोडसे यांनी शंभरांहून अधिक नाटकांचे नेपथ्य केले. मराठीबरोबरच हिंदी, गुजराती, इंग्रजी आणि संस्कृत नाटकांचाही त्यांत समावेश होतो. या कार्यासाठी त्यांना १९८८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

नेपथ्यकाराचे काम म्हणजे सजावट, असा समज आजही आढळतो. संगीत नाटकाच्या वैभवकाळात रंगविलेले पडदे, गालिचे आणि भरजरी वस्त्रे यांनी तो समज पक्का केला होता. ऐतिहासिक नाटकांत तर कोणत्याही शतकाच्या पात्राच्या डोक्यावर पेशवाई पगडी सहज चढे. सतराव्या शतकातील मावळा आणि अठराव्या शतकातील कारकून यांच्या पोशाखांत भेद असावा, ही अपेक्षाच नव्हती. गोडसे यांना असा कालविपर्यास खपत नसे. रंगमंचावर पगडी ठेवावयाची तर ती बांधणाऱ्याचा काळ, प्रांत आणि दर्जा ठाऊक असला पाहिजे. लेखक 'दरबार' असे लिहून मोकळा होऊ शकतो; नेपथ्यकाराला दरवाजा किती उंच, बैठक कोठे, हे ठरवावेच लागते. संदिग्ध राहण्याची सोय त्याला नाही. इतिहासकार गोडसे घडले ते या सक्तीतून, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मुद्राराक्षस' आणि 'शाकुंतल' या प्रयोगांचे त्यांचे काम या दृष्टीने विचारात घ्यावे. संस्कृत नाटकाची रंगभूमी मुळात पडद्यांवर चित्र रंगविणारी नाही. नट रंगमंचावर फेरी घालतो आणि स्थळ बदलते. दुष्यंताचा रथ अभिनयातून धावतो. अशा नाटकाला अरण्याचा पडदा लावणे म्हणजे त्याच्या मूळ रीतीशी विसंगत वागणे होय. येथे इतिहासाची जाण वस्तू वाढविण्यासाठी कामी येत नाही, कमी करण्यासाठी येते.

४.४ 'पोत'

'पोत' हे पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी मराठी सौंदर्यविचारावर बा. सी. मर्ढेकरांची छाया होती. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या अंतर्गत रचनेत शोधले होते. गोडसे यांनी दृष्टी दुसरीकडे वळवली. कलाकृती ज्या समाजाच्या जगण्यातून येते, त्या जगण्याची वीण तिच्यात उतरते, असा त्यांच्या विचाराचा गाभा आहे.

शब्दाची निवड पाहण्यासारखी आहे. पोत हा विणकराच्या व्यवहारातला शब्द. नागपूर-उमरेडच्या कोष्ट्याला लुगड्याचा पोत विचारावा. तो डोळ्यांआधी बोटांनी सांगेल. ताणा आणि बाणा यांचा पीळ, सुताची जाडी, ठोक्याचा जोर या सर्वांतून पोत तयार होतो. तो वरून काढलेल्या नक्षीत नसतो. (देवीपुढे पेटवावयाचा पोत आणि गळ्यातली काळी पोत हे अर्थही मराठी कानाला ऐकू येतातच, संकल्पनेची नावे घरातली असली म्हणजे असा लाभ होतो.)

संकल्पना वापरून पाहू. उदाहरण आपले आहे, गोडसे यांचे नव्हे. राजगडाची संजीवनी माची आणि पुण्याचा शनिवारवाडा मनासमोर आणा. माचीची दुहेरी तटबंदी डोंगराच्या सोंडेबरोबर वळत जाते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. शोभेसाठी वेगळे काही केलेले नाही, तरी ही रचना देखणी आहे. जोम आणि डौल तेथे एकच होतात. गोडसे यांच्या १९७२च्या पुस्तकाचे 'शक्तिसौष्ठव' हे नाव या ठिकाणी सहज आठवते. उलट १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा सपाट जागेवर, चौकांच्या हिशेबात उभा राहिला. तेथे कारंजी आली, भित्तिचित्रे आली. राज्य तेच, भाषा तीच, पोत बदलला.

आता या संकल्पनेची अडचणही पाहिली पाहिजे. गडावरून शिवकाळ 'जोमदार' ठरवावयाचा आणि शिवकाळ जोमदार म्हणून गड तसे, असे म्हणावयाचे, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. शिवाय एका काळात एकच पोत असतो काय? शिवकाळातील विणकर, गुरव आणि सरदार यांचे जगणे एका विणीचे नव्हते. 'पोत' वाचताना हा प्रश्न समासात लिहून ठेवावा.

४.५ 'मस्तानी' : पुरावा आणि सहानुभूती

गोडसे यांच्या इतिहासलेखनाची खरी कसोटी 'मस्तानी' (१९८९) या पुस्तकात लागते. पहिल्या बाजीरावाच्या जीवनातील या स्त्रीविषयी लोकांना काय ठाऊक असते? ती इतकी गोरी होती की खाल्लेल्या विड्याचा रंग गळ्यातून दिसे! पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली ही आख्यायिका स्तुतीसारखी भासते. परंतु तिने मस्तानीचे माणूसपण पुसून तिला एक पारदर्शक गळा करून टाकले. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांतही तिचे उल्लेख त्रोटक आहेत आणि ते बहुतांशी ज्या घराला ती नकोशी होती, त्याच घराच्या बाजूचे आहेत. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे वारला; मस्तानीही त्याच वर्षी गेली. तिची कबर पाबळ येथे आहे. मुलगा समशेर बहादूर १७६१च्या पानिपत मोहिमेत कामी आला आणि त्याच्या वंशजांनी पुढे बांद्याची नवाबी केली.

कागद विरुद्ध पक्षाचे असतील तर कागदनिष्ठ इतिहासकारही नकळत त्या पक्षाचा होतो. गोडसे येथे मस्तानीच्या बाजूने उभे राहतात आणि ती बाजू लपवीत नाहीत. यात मोठे बळ आहे, धोकाही आहे. न्याय मिळवून देण्याची इच्छा प्रबळ झाली की 'असे असावे' आणि 'असे होते' यांतील अंतर कमी होऊ लागते. कागदाच्या शिस्तीत वाढलेला वाचक अशा जागी थबकतो, आणि थबकावेच. पण त्यासाठी पुस्तक बाजूला सारण्याचे कारण नाही. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) या कादंबरीला कल्पनेची मुभा आहे; गोडसे यांनी ती मुभा न मागता, इतिहास म्हणून लिहिण्याची जोखीम घेतली. वाचकाला त्यांच्याशी वाद घालता येतो, तो त्यामुळेच.

४.६ नावे आणि भाषा

'गतिमानी', 'लोकधाटी', 'मातावळ', 'समंदे तलाश', 'ऊर्जायन', 'नांगी असलेले फुलपाखरू', ही त्यांच्या ग्रंथांची नावे उच्चारून पाहावीत. संस्कृत, फारसी आणि बोलीतले शब्द येथे एकाच पंगतीत बसले आहेत. शेवटचे नाव वाचताच व्हिसलर या चित्रकाराची स्वाक्षरी आठवते. तो नांगी असलेले फुलपाखरू काढून सही करीत असे. गोडसे यांची वाक्ये कधीकधी लांबतात आणि नवे शब्द घडविण्याच्या ओघात अर्थ निसटतो, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या वाचनात सारे समजले नाही तर निराश होऊ नये.

५ जानेवारी १९९२ रोजी गोडसे यांचे निधन झाले.

४.७ स्वाध्याय

१. 'नेपथ्यकाराला संदिग्ध राहण्याची सोय नाही' या विधानाच्या आधारे गोडसे यांच्या इतिहासदृष्टीची चर्चा करा.

२. मर्ढेकरांचा लयविचार आणि गोडसे यांचा 'पोत' यांतील भेद एका कलाकृतीच्या आधारे दाखवा.

३. उपक्रम : आपल्या गावातील ५० वर्षांहून जुनी एखादी वास्तू, मूर्ती अथवा नेसण्याची रीत निवडा. ती प्रत्यक्ष पाहून तिचे रेखाटन करा. तिच्याविषयी कागदोपत्री काय मिळते आणि केवळ पाहण्यातून काय कळते, हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक विधानापुढे ते 'दिसते' की 'वाटते', याची खूण करा.