आठवतं तिथून लिही

चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर

चि. बाळास,


चाकणहून पाठवलेलं पत्र मिळालं. स्वतःच्या आयुष्यावर लिहायला बसतोस, जन्मतारीख आणि गाव लिहून होतं आणि पुढं हात चालत नाही, असं लिहिलंयस. कसा चालेल? जन्म तुला आठवतच नाही. आठवतं तिथून सुरू कर.

इथल्या पॅकिंग खात्यातली तुझी पहिली रात्रपाळी मला आठवते. पहाटे डबा उघडलास, कडक भाकरी आणि शेंगाचटणी गुपचूप खाल्लीस. सकाळी पुणे हायवेवर एसटीची वाट बघताना म्हणालास, "मामा, आईला सांगू नको." काय सांगायचं नव्हतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. ते लिही. तेच तुझं पहिलं पान.

कामगाराच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय असतं, असं मनात आणू नको. लक्ष्मण गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामाला होते. त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. घरच्यांपासून वह्या लपवून त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं.  दोघांनीही आपलं जगणं आपल्या शब्दांत मांडलं.

तूही घरी बोलतोस तसंच लिही. ‘खूप कष्ट केले’ या वाक्यातून काहीच दिसत नाही. पाळी किती तासांची, हातात पगार किती आला, त्यातले घरी किती दिले, ते लिही. स्वतःची चूक झाकू नको. दुसऱ्याचं गुपित असेल तर आधी त्याला विचार. शुद्धलेखन मागाहून बघता येतं.

माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा, सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये मागावर होते. मिल बंद पडली, त्या दिवशी घरी येऊन ते काय बोलले, हे आज सांगणारं कुणी उरलं नाही. त्यांच्या हातचं एक पानही घरात नाही. ही खंत मला आयुष्यभर पुरली आहे.

तुझ्या लेकरांवर ती वेळ आणू नको. आज पाळीवरून आलास की झोपण्याआधी अर्धं पान लिही.

तुझा,
मामा