दूर बसून फासा कसा टाकावा?

शकुनीचे फासे तुम्हांला ठाऊकच आहेत. पण ते निदान पांडवांच्या डोळ्यांसमोर पडत होते. फासा टाकणारा दिसतच नसेल तर?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो व बाकीचे कथेतील पात्रे होतात. पात्राने काय करावे हे खेळाडू ठरवतो. ते साधले की नाही, याचा निर्णय बहुधा फाशावर सोडतात. असे खेळ टेबलाभोवती बसून खेळतात, तसेच लेखी निरोप पाठवूनही खेळतात.

समजा, सूत्रधार कळमनुरीला व खेळाडू वसमतला आहे. सूत्रधार लिहितो, "कयाधूला पूर आला आहे. पलीकडे औषध पोचवायचे आहे. काय करशील?" खेळाडू लिहितो, "पोहून जाईन." फाशावर ४ किंवा अधिक पडले, तर तो पार होणार. खेळाडूने "६ पडले" असे कळवले, तर सूत्रधाराने विश्वास का ठेवावा? आणि फासा सूत्रधाराने टाकला, तर खेळाडूने का ठेवावा?

तुम्ही म्हणाल, दोघांनी १ ते ६ मधील एकेक आकडा सांगावा व बेरीज करावी. ती ६ हून अधिक झाल्यास ६ वजा करावेत. युक्ती चांगली, पण ज्याचा निरोप मागाहून जाईल, तो पहिल्याचा आकडा पाहून सोयीचा आकडा सांगेल. म्हणून पहिला आकडा कुलूपबंद पाठवला पाहिजे.

हे कुलूप मूळ संख्यांचे करता येते. सूत्रधार ७ हून मोठ्या दोन मूळ संख्या निवडतो, जसे ५९ व ८९, आणि ५२५१ हा गुणाकार तेवढा कळवतो. मोठ्या संख्येला ७ ने भागून उरणारी बाकी हा त्याचा आकडा, येथे ५. ७ हून मोठ्या मूळ संख्येला ७ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून बाकी नेहमी १ ते ६ मधलीच, म्हणजे फाशाचेच आकडे! आता खेळाडू उघडपणे ४ सांगतो. मग सूत्रधार ५९ व ८९ जाहीर करतो. ५ + ४ = ९; ९ − ६ = ३. खेळाडू पार होत नाही, पण त्याला तक्रारीला जागाही नाही. गुणाकार तो स्वतः पडताळू शकतो. आणि संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे सूत्रधाराला मागाहून आकडा बदलता येत नाही. कुलूप उघडण्यास नकार देणारा हरला, असे मात्र आधीच ठरवावे.

चाणाक्ष खेळाडू ५२५१ चे अवयव आधीच काढील, हे खरे. म्हणून प्रत्यक्षात शेकडो अंकी मूळ संख्या घेतात. त्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. अवयव शोधणे मात्र आजच्या संगणकांच्याही आटोक्याबाहेर आहे. दूरध्वनीवरून नाणेफेक करण्याची अशीच एक रीत मॅन्युएल ब्लम यांनी १९८१ साली मांडली.

करून पाहा :

१. कुलूप ४०८७, खेळाडूचा आकडा १. तो नदी पार होईल का?

२. या खेळात ४, ८, १२ व २० बाजूंचे फासेही वापरतात. ७ च्या जागी ५ किंवा १३ घेऊन ४ व १२ बाजूंचे फासे साधतात. ९ व २१ घेतल्यास ८ व २० बाजूंचे का साधत नाहीत?