पावसाळ्यात बंद राहणाऱ्या इंजिनाचे तेल

आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन आहे, त्यांचे इंजिन मृगापासून दिवाळीपर्यंत बहुधा झाकलेलेच असते. 'इंजिन थोडेच चालले, मग तेल का बदलावे?' असे पुष्कळजण विचारतात. समजा, माहितीपुस्तकात २५० तास लिहिले आहेत आणि इंजिन १२० तास चालले. हिशेब वरकरणी बरोबर दिसतो. परंतु तेलाचे तासांप्रमाणे महिनेही मोजावे लागतात. (महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, इंजिनाचे वर्ष मात्र मृगापूर्वीच संपले असे धरावे.)

कारण असे की, एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते. त्यातील बहुतेक धुराबरोबर निघून जाते. अल्पसा अंश पिस्टनच्या कड्यांवाटे तेलात उतरतो व त्याबरोबर काजळी आणि आम्लेही उतरतात. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आले, त्यामुळे गंधकाम्लाचा त्रास पुष्कळ कमी झाला. पाणी मात्र राहिलेच. असे तेल चार-पाच महिने साचून राहिले म्हणजे बेअरिंग हळूहळू खाल्ले जाते. मी स्वतः एका वर्षी जुने तेल तसेच राहू दिले. दिवाळीनंतर इंजिन दोन दिवस चालले आणि बेअरिंग गेले. दुरुस्ती होईतो हरभऱ्याचे पाणी चुकले.

सबब तेल बदलावयाचे ते इंजिन झाकण्यापूर्वी, उघडल्यावर नव्हे. अर्धा तास पाणी उपसून इंजिन चांगले तापवावे, गरम असतानाच तळचे बूच काढून तेल सोडावे, फिल्टर बदलावा, पुस्तकात सांगितलेल्या जातीचे तेल खुणेपर्यंत भरावे आणि इंजिन ऊन आहे तोच दोन मिनिटे चालवून ते सर्वत्र पोचवावे. तेलाच्या काळ्या रंगावर जाऊ नये. चांगले तेल काजळी धरून ठेवते म्हणूनच काळे होते. दुधाळ दिसल्यास मात्र त्यात पाणी शिरले आहे, तेव्हा एक दिवसही थांबू नये.

इंजिन मोकळे राहावे म्हणून पावसाळ्यात दर आठवड्यास पाच मिनिटे चालविण्याची चाल आहे, ती घातक होय. थंड इंजिनात वाफ निवून तेलात पाणीच वाढते. चालविणे तर पुरते तापेपर्यंत, नाहीतर हात लावू नये.

दिवाळीनंतर तेच तेल चालते. पट्टी पाहावी आणि सुरू करण्यापूर्वी हँडलने काही फेरे द्यावेत. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या मोटारीसही हाच नियम लागू आहे. काढलेले तेल विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्यास द्यावे.